एपी परीक्षा सोलापुरातून दिली तर पैसे वसूल होतात का? एका आईचा रिव्ह्यू

५ पैकी ४ स्टार. नुसती परीक्षा म्हणून बघितलं तर ५ च दिले असते, पण आपल्यासारख्या गावातून ती द्यायची म्हणजे जी धावपळ होते त्याचा एक कापला. आमच्या लेकीनं बारावी सायन्स करता करता एपीचे दोन पेपर दिले, कॅल्क्युलस बीसी आणि फिजिक्स सी मेकॅनिक्स, २०२५ च्या मे मध्ये. आता तिचं अमेरिकेतलं पहिलं सेमिस्टर पण होऊन गेलं म्हणून लिहायला बसले. मार्क आल्याबरोबर लिहिलं असतं तर अर्धवट झालं असतं, कारण त्या मार्कांचं पुढं काय होतं हे कॉलेजला गेल्यावरच कळतं.

ज्यांना माहीतच नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. एपी म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट. अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशासाठीची सॅट परीक्षा घेणारं जे कॉलेज बोर्ड आहे ना, त्यांचीच ही परीक्षा, १९५५ पासून ते चालवतात. कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा विषय शाळेत असतानाच करायचा, मे च्या पहिल्या दोन आठवड्यात पेपर द्यायचा, जुलैत १ ते ५ मध्ये स्कोअर येतो. ५ सगळ्यात वरचा, ३ म्हणजे पास झाल्यासारखं धरतात, पण पास-नापास असा शिक्का काही नसतो. चाळीसेक विषय आहेत, इतिहास, इकॉनॉमिक्स, स्टॅटिस्टिक्स, कॉम्प्युटर, सगळं. पाहिजे तेवढेच विषय द्यायचे, एकच दिला तरी चालतो. आणि चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, २०११ पासून ते बंद आहे, हे जेईईच्या पोरांना आवर्जून सांगा, नाहीतर ती सवयीनं प्रश्न सोडून देतात.

यातून मिळतात दोन गोष्टी, आणि आमच्याकडे जो तो त्या दोन्ही एकच समजतो. एक क्रेडिट. तिकडं डिग्रीला साधारण १२० क्रेडिट लागतात, एक विषय ३ किंवा ४ चा असतो, तर तुमचा स्कोअर बघून त्यातले काही क्रेडिट आधीच तुमच्या नावावर जमा करतात. दुसरी गोष्ट प्लेसमेंट, म्हणजे तुम्हाला खालचा विषय परत करायला न लावता वरच्या वर्गात बसवतात. आपल्याकडे डिप्लोमावाली पोरं इंजिनिअरिंगला डायरेक्ट सेकंड इयरला बसतात ना, तसंच, फक्त पूर्ण वर्षाऐवजी एकेका विषयापुरतं. आता गंमत अशी की काही कॉलेजं क्रेडिट देतात आणि प्लेसमेंट पण देतात, काही नुसतं वर बसवतात पण क्रेडिट शून्य, आणि काही क्रेडिट देतात पण ते जनरल खात्यात टाकतात, तुमच्या ब्रँचच्या कुठल्याच विषयाला लागू होत नाही. फी भरायच्या आधी हे समजून घ्या, बाकी सगळं नंतर.

मी एका टॉवेल एक्सपोर्टवाल्यांकडे अकाउंट्स बघते, डॉलरचे हिशोब रोजचेच, त्यामुळे खर्चाचं आधी सांगते. २०२५ ला एका पेपरची मूळ फी अमेरिकेबाहेर १२९ डॉलर होती, म्हणजे त्या वेळच्या भावानं साधारण अकरा हजार, अमेरिकेतल्या मुलांना ९९. त्यावर सेंटर स्वतःचा चार्ज लावतं, तो प्रत्येकाचा वेगळा, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारल्याशिवाय पैसे भरू नका. ऑर्डर द्यायची, म्हणजे सेंटरनं तुमच्यासाठी पेपर मागवायची, मुदत नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत असते, उशीर झाला की ४० डॉलर लेट फी. स्कोअर एका कॉलेजला फुकट पाठवता येतो पण २० जूनच्या आत कॉलेजचं नाव टाकावं लागतं, नंतर प्रत्येक कॉलेजला १५ डॉलर. ही जूनची तारीख वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, स्कोअर यायच्या आधीची तारीख आहे ती, त्यामुळे ध्यानातून जाते.

आता कापलेल्या स्टारचं. ही परीक्षा ज्याला पाहिजे त्यानं घरबसल्या फॉर्म भरला अशी नाहीये, एपी घेणाऱ्या शाळेतून किंवा सेंटरमधूनच नाव घालावं लागतं. आम्हाला सोलापुरात बाहेरच्या मुलांना घेणारं कोणी मिळालं नाही, पुण्यातच शोधावं लागलं. तिथल्या एका सेंटरनं मेलला उत्तर द्यायला इतका वेळ लावला की मुदत तोंडावर आली, फोन केला की मॅडम मीटिंगमध्ये, परत केला की उद्या करा, शेवटी दुसऱ्या ठिकाणी जागा मिळाली आणि तिथली मंडळी खरंच चांगली निघाली, पासपोर्टपासून लॅपटॉपपर्यंत काय काय आणायचं त्याची यादी त्यांनी स्वतःहून पाठवली. पेपर सकाळच्या स्लॉटचा असला की आठला सुरू, म्हणजे हुतात्मा एक्सप्रेसनं त्याच दिवशी पोचणं शक्य नाही, आदल्या दिवशीच जायला लागतं, राहायची सोय बघायला लागते. आणि मे महिना. सोलापूरचा मे कसा असतो ते मी तुम्हाला काय सांगू. बोर्डाचे पेपर फेब्रुवारी-मार्चमध्ये, एप्रिलमध्ये जेईईचा दुसरा राउंड, सीईटी पण त्याच सुमाराला, आणि सगळी पोरं सुटली की हिचा एपी. शेजारच्या काकू म्हणायच्या, "काय ओ, अजून संपंना का हिची परीक्षा?" पोरगी खरंच थकली होती त्या दिवसांत. ज्यांच्या घरी नीट किंवा सीईटीवरच सगळं अवलंबून आहे त्यांनी बारावीच्या वर्षी हे मधे घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. अकरावीच्या मे मध्ये एखादा पेपर उरकता येतो, तेव्हा डोक्यावर बोर्ड नसतं.

परीक्षा कशी आहे ते सांगते, कारण मला सगळ्यात जास्त तीच आवडली. कॅल्क्युलस बीसीचा पेपर सव्वातीन तासाचा. पहिल्या भागात ४५ ऑप्शनवाले प्रश्न, त्यातले ३० कॅल्क्युलेटरशिवाय एका तासात आणि १५ कॅल्क्युलेटरसकट ४५ मिनिटात. दुसऱ्या भागात ६ मोठे प्रश्न, दोनाला कॅल्क्युलेटर चालतो, चाराला नाही. दोन्ही भागांना अर्धे अर्धे मार्क. प्रश्न ब्लूबुक नावाच्या ॲपमध्ये लॅपटॉपवर दिसतात, पण मोठ्या प्रश्नांची उत्तरं कागदी बुकलेटमध्ये पेनानं किंवा पेन्सिलनं लिहायची. ग्राफ काढणारा डेस्मॉस कॅल्क्युलेटर त्या ॲपमध्येच असतो. आपल्या बोर्डाच्या पोरांनी आयुष्यात परीक्षेत कॅल्क्युलेटर वापरलेला नसतो, त्यामुळे तो कधी वापरायचा आणि कधी हातानं पटकन होतं हे वेगळं शिकायला लागतं. उत्तर तीन दशांश स्थळांपर्यंत बरोबर पाहिजे, मधेच राउंड केलं की शेवटी आकडा हलतो.

सिलॅबस बघून तिचे कॅल्क्युलसचे सर म्हणाले की अहो यातलं बरंच आपल्या अकरावी-बारावीतच आहे. लिमिट, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन बाय पार्ट्स, पार्शल फ्रॅक्शन, डिफरन्शियल इक्वेशन, हे आपल्या पोरांना अमेरिकन पोरांपेक्षा जड आकडेमोडीसकट येतं. नवीन काय, तर इन्फिनिट सिरीज, टेलर सिरीज, पोलर आणि पॅरामेट्रिक कर्व्ह, ऑयलरची पद्धत. सिरीजला वेळ जातो, ती कन्व्हर्ज होते का बघायच्या टेस्टच कितीतरी आहेत. ज्यांना एवढं नको त्यांच्यासाठी एबी म्हणून हलका पेपर आहे, तो तिकडच्या पहिल्या सेमिस्टरच्या कॅल्क्युलसएवढा, बीसी म्हणजे दोन्ही सेमिस्टर. बीसी दिला की त्यातच एबीचा सबस्कोअर पण वेगळा मिळतो, म्हणजे सिरीज फसली तरी पहिल्या भागाचा हिशोब दाखवता येतो.

पण सिलॅबस येतोय म्हणून गाफील राहू नका, इथं मार्क लिहिण्यावर आहेत. उदाहरण देते. टाकीत पाणी किती वेगानं येतंय ते फंक्शननं दिलेलं, किती वेगानं जातंय त्याचा तक्ता दिलेला, आणि विचारतात की इतक्या तासात एकूण किती पाणी आलं, अमुक वेळेला पातळी वाढतेय की उतरतेय, कारण द्या. आपल्या सोलापूरच्या घरात पाणी कधी येणार आणि टाकी कितीवेळ पुरणार हा विषय रोजचाच, त्यामुळे प्रश्न लेकीला लगेच कळायचा, उत्तर पण बरोबर यायचं. पण सरावाच्या वहीत ९ पैकी ५ च मिळायचे. का? इंटिग्रल मांडलं त्याला एक पॉइंट, उत्तराला एक, युनिट लिहिलं तरच पुढचा, आणि "वाढतेय" एवढंच लिहिलं तर शून्य, येण्याचा दर जाण्याच्या दरापेक्षा त्या क्षणी जास्त आहे असं आकड्यासकट लिहायला पाहिजे. मीन व्हॅल्यू थिअरम वापरला तर फंक्शन डिफरन्शिएबल आहे म्हणून कंटिन्युअस आहे हे आधी लिहायचं, ते वाक्य नसेल तर त्या कारणाचा पॉइंट जातो. सीईटीच्या तयारीत पोरांचा हात चार ऑप्शनपैकी एकावर टिक मारायला बसलेला असतो, तिथं कोणी कारण विचारतच नाही. उलट गंमत बघा, शेवटचं उत्तर सोपं रूप देऊन लिहायची गरज नाही, अपूर्णांकांची बेरीज तशीच सोडली तरी पूर्ण मार्क. म्हणजे आकडेमोडीत जीव घालवू नका, विचार दाखवा, असं आहे ते. मला हे मनापासून पटलं.

फिजिक्स सी मेकॅनिक्सचं थोडक्यातच सांगते. तीन तास, ४० ऑप्शनवाले आणि ४ मोठे प्रश्न. जेईईची तयारी असलेल्या पोराला गणितं जड नाहीत. अडतं ते प्रयोगाच्या प्रश्नाला, तिथं सांगतात की अमुक राशी मोजायची आहे, तुम्हीच प्रयोग ठरवा, काय मोजाल, कुठला ग्राफ काढला की सरळ रेषा येईल, तिच्या स्लोपवरून काय काढाल. आमच्याकडे प्रॅक्टिकल म्हणजे जर्नल उतरवून सही घेणं, दोष पोरांचा नाही. लेकीनं मग कॉलेजच्या लॅबमधला साधा पेंडुलम घेऊन खरोखर टाइम पिरियडचा वर्ग आणि लांबी असा ग्राफ काढून बघितला आणि त्यावरून g, म्हणजे गुरुत्व त्वरण, काढलं, लॅब असिस्टंट काकांनी स्वतःहून स्टॉपवॉच धरलं. हा भाग तिला आजही उपयोगी पडतोय.

क्लास लावायचा का, असं बरेचजण विचारतात. ऑनलाइन क्लासवाले जी फी सांगतात ती ऐकून मी फोन ठेवला. कॉलेज बोर्डाच्या एपी सेंट्रल साइटवर जुन्या वर्षांचे मोठे प्रश्न फुकट आहेत, नुसते प्रश्न नाही तर पॉइंट कुठं कुठं दिला त्याची गाइडलाइन, आणि खऱ्या मुलांच्या हस्ताक्षरातली उत्तरं, याला इतके का दिले याच्या खुलाशासकट. एवढी उघडी तपासणी मी आपल्या कुठल्याच परीक्षेत बघितली नाही. रात्री जेवणं झाली की ती प्रश्न सोडवायची आणि मी गाइडलाइन हातात धरून तपासायचे, मला कॅल्क्युलस फारसं आठवत नव्हतं पण गाइडलाइन इतकी स्वच्छ आहे की युनिट लिहिलंय का, कारण लिहिलंय का हे कोणालाही बघता येतं. थिअरीसाठी खान अकॅडमी, तेही फुकट. सिरीज तेवढी सरांकडून समजून घेतली. ब्लूबुक ॲप आधी घरी टाकून सराव पेपर देऊन बघा, फोनवर ते चालत नाही, लॅपटॉप किंवा आयपॅड लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मिळालं काय. बीसीला ५ आला, फिजिक्सला ४. ती एका सरकारी युनिव्हर्सिटीत मेकॅनिकलला आहे. बीसीच्या ५ ला तिथं कॅल्क्युलस १ आणि २ दोन्हीचे क्रेडिट मिळाले आणि तिला सरळ कॅल्क्युलस ३ च्या वर्गात बसवलं, गणिताची प्लेसमेंट टेस्ट पण द्यावी लागली नाही. फिजिक्सला मात्र तिथल्या इंजिनिअरिंगला ५ च लागतो, ४ ला नुसतं जनरल क्रेडिट, त्यामुळे फिजिक्स परत करावंच लागलं. एकाच युनिव्हर्सिटीत, एकाच मुलीचं, दोन पेपरांचं असं वेगवेगळं.

आणि ते कॉलेजगणिक बदलतं. कॅलिफोर्नियाच्या सरकारी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात ३ पासून पुढं युनिट, म्हणजे क्रेडिटच, मिळतात. इलिनॉय आणि टेक्सासमध्ये तर कायदाच आहे की सरकारी कॉलेजांनी ३ ला क्रेडिट द्यायचं. उलट डार्टमथनं २०१४ ला आलेल्या बॅचपासून एपीचं क्रेडिट देणं बंद केलं, वरच्या वर्गात बसवतात फक्त. कॅलटेक एपीचं क्रेडिट देत नाही. एमआयटीत बीसीला ५ असेल तरच पहिल्या कॅल्क्युलसचं मिळतं. म्हणजे जेवढं नाव मोठं तेवढं देणं कमी, साधारण असंच दिसतं. प्रत्येक युनिव्हर्सिटीच्या साइटवर एपी क्रेडिटचा तक्ता असतो, त्यात आपला विषय, आपला स्कोअर आणि समोर त्यांच्या कुठल्या कोर्सचा नंबर लिहिलाय ते बघा. कोर्सचा नंबर असेल तर तो विषय सुटला. इलेक्टिव्ह किंवा जनरल असं लिहिलं असेल तर आकडा वाढतो, विषय सुटत नाही.

पैसे वाचतात का, याचं उत्तर जाहिरातीत सांगतात तेवढं सरळ नाही. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर पोराला प्रत्येक सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट घ्यावेच लागतात, त्यामुळे माझे आठ क्रेडिट झालेत म्हणून यावेळी दोन विषय कमी घेते असं फार चालत नाही. शिवाय बऱ्याच युनिव्हर्सिटीत १२ ते १८ क्रेडिटला एकच ठरलेली फी असते, तेरा घ्या नाहीतर सतरा घ्या. मग पैसे कधी वाचणार, तर सगळे क्रेडिट जमून अख्खं एक सेमिस्टर कमी झालं तरच. एका-दोन पेपरात ते होत नाही, त्याला पाच-सहा पेपर आणि नीट प्लॅनिंग पाहिजे. जिथं क्रेडिटवारी फी आहे तिथं मात्र लगेच फरक पडतो, बाहेरच्या देशातल्या मुलांना एक विषय सहज हजार डॉलरच्या वर जातो.

मग आम्हाला फायदा काय झाला, तर प्लेसमेंटचा. इंजिनिअरिंगमध्ये विषयांची साखळी असते, कॅल्क्युलस २ झाल्याशिवाय ३ नाही, त्याशिवाय डिफरन्शियल इक्वेशन नाही, ते नाही तर पुढचे ब्रँचचे विषय नाहीत. लेक दोन पायऱ्या वर चढून गेली म्हणून दुसऱ्या वर्षाचे विषय लवकर उघडले आणि पुढं इंटर्नशिपसाठी एखादं सेमिस्टर हलकं ठेवता येईल. आणि बारावीला जे शिकलो तेच परत पहिल्या वर्षी बसून ऐकायचं, तो कंटाळा वाचला, हे ती स्वतः सांगते. तिच्या बॅचमध्ये एक मुलगा आहे ज्यानं ५ असूनही मुद्दाम कॅल्क्युलस २ परत घेतलं, त्याला सिरीज कच्च्या वाटत होत्या. तेही बरोबरच आहे, क्रेडिट मिळालं म्हणून वर बसलंच पाहिजे अशी सक्ती सहसा नसते. मेडिकलकडे जाणाऱ्यांनी तर जास्त जपून, तिकडची बरीच मेडिकल कॉलेजं एपीवर सोडलेले सायन्सचे विषय मान्य करत नाहीत.

इथल्या इथं शिकणाऱ्या पोरांसाठी मला एक वाटतं ते लिहितेच. आपल्याकडे २०२१ पासून ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स (एबीसी) आली, म्हणजे क्रेडिट जमा ठेवायचं सरकारी ऑनलाइन खातं, कॉलेजातली पोरं त्याचा एबीसी आयडी काढतात, सरकारच्या स्वयम् या ऑनलाइन पोर्टलवरचे कोर्स करून ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट घेता येतात असा नियम पण झालाय. पण बारावीला गणितात पंच्याण्णव पडलेलं पोर आणि पन्नास पडलेलं पोर इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी एकाच बाकावर बसून तेच गणित करतात. आपल्या सोलापुरात लूमवर रात्रपाळी करणाऱ्यांची पोरं बारावीला इतकी मेहनत करतात की बघून जीव तुटतो. ती मेहनत पुढच्या वर्गात मोजली जावी, एवढी एक गोष्ट एपीकडून घेण्यासारखी आहे असं मला मनापासून वाटतं, आणि त्यासाठी अकरा हजार लागायला नकोत.

पुढच्या मे साठी ज्यांना द्यायची आहे त्यांनी ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच दोन-तीन सेंटरना मेल टाका, बाहेरच्या मुलांना घेता का, आमचा विषय घेता का आणि एकूण किती घेता, हे तीनच प्रश्न विचारा. पासपोर्ट नसेल तर त्याच्या आधी ते काम. लेकीच्या सरावाच्या वह्या आणि छापून काढलेल्या गाइडलाइन घरीच आहेत, जुळे सोलापूरच्या बाजूचं कोणी असेल तर खाली कमेंट करा, रविवारी येऊन बघा, झेरॉक्स काढून घ्या.